दुसऱ्याच्या नावाची किल्ली

एका विद्यापीठात एक शालनताई होत्या. तसे त्या विद्यापीठात कुलगुरू होते, कुलसचिव होते, जाड चष्म्यांचे प्राध्यापक होते. पण परीक्षा विभागात कुणाचे काही अडले की पहिले नाव निघायचे ते शालनताईंचे. त्या तिथे वरिष्ठ सहायक होत्या. निवृत्तीला वर्षही उरले नव्हते. केस पांढरे, आवाज खणखणीत आणि स्वभाव असा की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी यांचा पदर पुढे व्हायचा.

त्या विभागाची एक रीत होती. आपल्याकडे गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवतात ना, कुंड्यांना पाणी घालायला आणि मांजराकडे बघायला, तशी त्या विभागातली माणसे रजेवर जाताना आपला पासवर्ड शालनताईंकडे ठेवून जायची. कुणाच्या मुलाला ताप आला, कुणाची सासू घसरून पडली, कुणाच्या भाचीचे लग्न अचानक ठरले, की तो माणूस ताईंच्या टेबलापाशी वाकायचा, हळू आवाजात काहीतरी सांगायचा आणि निर्धास्त मनाने एसटी पकडायचा. मग ताई त्याच्या नावाने संगणकात शिरायच्या. त्याचे तुंबलेले काम उपसायच्या, त्याला आलेले ईमेल वाचून त्याच्याच नावाने उत्तरे द्यायच्या, आणि तो परत आला की म्हणायच्या, "झालंय सगळं. आधी चहा घे."

असे किती जणांचे पासवर्ड त्यांच्याजवळ होते, ते त्यांनाच ठाऊक. सगळे तोंडपाठ होते. घरातल्या माणसांचे वाढदिवस लक्षात राहावेत तसे ते त्यांच्या लक्षात राहायचे. आणि खरे सांगायचे तर त्यांतले बरेचसे वाढदिवसच होते.

ताईंना या गोष्टीचा अभिमान होता. तो वाईट होता असे कोण म्हणेल? यजमान लवकर गेले. मुलगा दूरच्या शहरात रमला. घरी बोलायला माणूस नव्हते. इथे मात्र सकाळी पाऊल टाकले की चारी बाजूंनी "ताई, ताई" सुरू व्हायचे. ते ऐकण्यासाठी त्या रोज वेळेआधी येऊन बसायच्या.

एकदा विद्यापीठाच्या संगणक केंद्रात तबस्सुम मुजावर नावाची नवी अधिकारी आली. वयाने ताईंच्या लेकीसारखी. विद्यापीठातले संगणक आणि त्यांत साठवलेली माहिती सांभाळणे हे तिचे काम. ती एकेका विभागात जाऊन सगळ्यांना समजावू लागली. परीक्षा विभागातही आली.

"आपापला पासवर्ड आपल्यापाशीच ठेवायचा," ती म्हणाली. "रजेवर जातानासुद्धा कुणाला द्यायचा नाही. काम दुसऱ्याकडे सोपवायचं असेल तर मला कळवा. मी त्यांना त्यांच्याच नावावर तेवढ्यापुरती परवानगी देईन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काही खर्च येत नाही. शालनताईंना मात्र ते लागले. त्या उठून उभ्या राहिल्या.

"म्हणजे मॅडम, आम्ही इतकी वर्षं एकमेकांच्या भरवशावर राहिलो, ते चुकलंच म्हणायचं?"

"भरवशाचा प्रश्न नाही हो, ताई."

"मग कशाचा आहे?"

तबस्सुमजवळ उत्तर होते, पण ते सगळे संगणकाच्या भाषेत होते. ती धोरण, सुरक्षा, नोंदी असे बोलू लागली आणि ऐकणाऱ्यांचे डोळे मिटू लागले. शेवटी कुणीतरी चहा मागवला आणि सभा संपली. दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला निघालेला एक जण नेहमीप्रमाणे ताईंच्या टेबलापाशी वाकला.

त्याच विभागात प्रल्हाद गुरव होता. महाविद्यालयांकडून आलेले गुण संगणकात नोंदवायचे आणि त्यांतल्या चुका दुरुस्त करायच्या, हे त्याचे काम. माणूस अबोल आणि कामाला चोख. नवा आला तेव्हा ताईंनीच त्याला हाताला धरून काम शिकवले होते. तेव्हापासून त्याच्यावर त्यांचा जरा जास्तच जीव. त्याच्या डब्यात भाजी कमी दिसली की आपल्यातली वाढायच्या, आणि तो नको म्हणाला की रागवायच्या.

ऐन निकालाच्या धांदलीत प्रल्हादच्या बायकोला, सुवर्णाला, गावातल्या मोठ्या दवाखान्यात हलवावे लागले. हृदयाची शस्त्रक्रिया करायची ठरले. प्रल्हादचा चेहरा उतरून गेला. तो ताईंच्या टेबलाशी आला, पण त्याला धड बोलताही येईना.

"तू जा," ताई म्हणाल्या. "तिच्याजवळ थांब. इथलं मी बघते."

त्याने पासवर्ड सांगितला. तबस्सुमला सांगून परवानगी घ्यावी, असे क्षणभर ताईंच्या मनात आले. पण संगणक केंद्र पडले आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्या पोरीकडे काही मागायला जायचे म्हणजे आपणच आपले नाक खाली करून घेण्यासारखे. त्या प्रल्हादच्या खुर्चीत बसल्या आणि कामाला लागल्या.

ज्या दिवशी सुवर्णाची शस्त्रक्रिया होती, त्या दिवशी ताईंचे चित्त थाऱ्यावर नव्हते. एक डोळा संगणकावर, एक फोनवर. तेवढ्यात प्रल्हादला आलेल्या ईमेलांमध्ये एक नवा संदेश दिसला. वर विद्यापीठाचे बोधचिन्ह होते. खाली लिहिले होते, संगणक केंद्राकडून सूचना : आपल्या खात्याची मुदत संपत आहे. आज संध्याकाळपर्यंत खाली नाव आणि पासवर्ड भरून खात्री न केल्यास खाते कायमचे बंद होईल.

ताईंचा जीव कळवळला. बिचारा तिकडे शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर देव पाण्यात घालून बसला असेल. परत येईल तर इथे खाते बंद! मग अर्ज करा, हेलपाटे घाला, त्या तबस्सुमची बोलणी खा. एवढे हाल त्याचे कशाला? त्यांनी खालच्या ओळीवर टिचकी मारली. चौकटी उघडल्या. ताईंनी प्रल्हादचे नाव भरले, पासवर्ड भरला. पडद्यावर 'धन्यवाद' असे उमटले. बाहेरगावी गेलेल्या शेजाऱ्याचे वीजबिल आपण भरून यावे आणि त्याची वीज वाचवावी, तसे समाधान त्यांना वाटले.

संध्याकाळी प्रल्हादचा फोन आला. शस्त्रक्रिया नीट झाली होती. ताईंनी देवासमोर साखर ठेवली आणि तो संदेश पार विसरून गेल्या.

निकाल अगदी तोंडावर आला होता. अशात एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांचा फोन आला. ते म्हणाले, "अहो, आमची परीक्षेला न बसलेली मुलंसुद्धा तुमच्याकडे पास दिसतायत. ही काय नवीन योजना आहे का?"

आधी सगळे हसले. मग तपासून पाहिले आणि हसू मावळले. एका नव्हे, कितीतरी महाविद्यालयांचे गुण बदललेले होते. नापासांचे पास झाले होते. ज्यांनी वर्षभर रक्त आटवले होते, त्यांचे गुण खाली गेले होते. आणि संगणकात त्या प्रत्येक बदलापुढे एकच नाव होते. प्रल्हाद गुरव.

निकाल थांबवला गेला. विद्यापीठाच्या दारात मुले जमली. कुणाची नोकरी त्या निकालावर अडली होती, कुणाचा पुढचा प्रवेश. आणि विभागात कुजबुज सुरू झाली. वाईट बातमीपेक्षा कुजबुज नेहमी चार पावले पुढे असते.

"बायको दवाखान्यात. पैशाची नड असणारच की."

"गरीब गाय आणि पोटात पाय. वरून किती साधा दिसायचा!"

ज्यांनी प्रल्हादच्या हातचे पेढे खाल्ले होते, तीच तोंडे हे बोलत होती. शालनताईंना ऐकवेना. त्या बोलणाऱ्यांवर गरजल्या, पण गरजण्याने कुजबुज थांबत नाही. ती फक्त दुसऱ्या खोलीत जाते.

उपकुलसचिव बहिरट साहेबांनी प्रल्हादला बोलावून घेतले. तो दवाखान्यातूनच आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. दार बंद झाले. ताई बाहेर बाकावर बसून राहिल्या. मनात म्हणत होत्या, तो सांगेल की त्याने पासवर्ड मला दिला होता, मग मला बोलावतील, मग मी सांगेन की हे काम माझे नाही आणि त्याचेही नाही.

पण त्यांना कुणी बोलावले नाही. प्रल्हाद बाहेर आला आणि खाली मान घालून जिन्याकडे निघाला. ताईंनी त्याला गाठले.

"काय विचारलं साहेबांनी?"

"पासवर्ड कुणाला दिला होता, असं विचारलं."

"मग?"

"कुणालाच नाही, म्हटलं."

ताईंनी त्याचा हात धरला. "अरे, दिला होतास की मला!"

"हळू बोला ताई." प्रल्हादने इकडेतिकडे पाहिले. "तुम्ही यात काहीएक बोलायचं नाही. तुमची निवृत्ती जवळ आली. चौकशी लागली तर पेन्शन अडकून पडेल. माझं काय, माझी अजून पुष्कळ नोकरी आहे."

"आणि तीच गेली तर? सुवर्णाच्या औषधांचं काय करशील?"

"तुम्ही गुण बदलले नाहीत, मला माहिती आहे," एवढेच तो म्हणाला. "मग तुमचं नाव का सांगू?" आणि तो दवाखान्याकडे निघून गेला.

ताई जिन्याच्या पायरीवरच बसल्या. आयुष्यात त्यांनी कितीजणांचे ओझे उचलले होते. पण आपले ओझे असे कुणी उचलावे आणि त्याखाली चिरडून जावे, हे त्यांना सोसवेना. मी बदलले नाही, त्याने बदलले नाही, मग कुणी? त्या आठवत राहिल्या. आणि आठवता आठवता तो संदेश त्यांच्या डोळ्यांसमोर आला. वर बोधचिन्ह, खाली चौकटी, आणि 'धन्यवाद'.

त्या उठल्या आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या संगणक केंद्रात गेल्या. ऊन तापले होते. तबस्सुमने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. ताईंनी फक्त एवढे विचारले, "प्रल्हादच्या खात्यावर तुमचा एक संदेश आला होता. मुदत संपतेय म्हणून. तो तुम्हीच पाठवला होता ना?"

तबस्सुमने तो शोधून काढला आणि तिचा चेहरा पालटला.

"हा आमचा नाही, ताई. आम्ही कधीच कुणाला पासवर्ड विचारत नाही. हे बोधचिन्ह उचलून चिकटवलंय. ज्यानं हा पाठवला तो चोर. ज्यानं यात पासवर्ड भरला, त्यानं घराची किल्ली चोराच्या हातात ठेवली. गुण बदलले ते त्या चोरानं." मग ती एकदम उजळली. "पण ताई, हे बरंच झालं! प्रल्हादरावांनी गुण बदलले नाहीत, हे तरी सिद्ध होईल. घाईगडबडीत त्यांनी हे भरलं असणार. निष्काळजीपणाचा ठपका येईल, काही दिवस घरी बसावं लागेल, पण लबाडीचा डाग तर पुसला जाईल."

इथे ताईंची खरी परीक्षा आली.

काय सोपी वाट होती ती! प्रल्हाद लबाड ठरणार नव्हता. ताईंचे नाव कुठेच येणार नव्हते. त्यांनी फक्त गप्प बसायचे होते, आणि ज्याच्या नावावर खापर फुटणार होते तो स्वतःच त्यांना गप्प बसा म्हणाला होता. एवढ्या वर्षांची निष्कलंक नोकरी, निरोप समारंभातली भाषणे, म्हातारपणाची पेन्शन, सगळे जिथल्या तिथे राहणार होते. ताईंनी पाण्याचा पेला हातात घेतला. तो ओठांपर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

"त्यानं नाही भरलं, पोरी," त्या म्हणाल्या. "त्या वेळी तो बायकोच्या शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर उभा होता. भरलं ते मी."

तबस्सुमने आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"त्याचं खातं बंद पडू नये म्हणून भरलं गं," ताई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत ज्या बाईला ऑफिसात कुणी रडताना पाहिले नव्हते, ती तिथे लहान मुलासारखी रडली.

तबस्सुमने त्यांचा हात हातात घेतला. त्या दिवशीच्या सभेत तिला जे सांगता आले नव्हते, ते आता तिला साध्या शब्दांत सुचले. ती म्हणाली, "ताई, तुमचा त्यांच्यावर विश्वास होता आणि त्यांचा तुमच्यावर. त्यात काहीच खोट नव्हती. पण हात तुमचा होता आणि नाव त्यांचं. म्हणून चूक तुमची झाली आणि भोगतायत ते. आणि तुम्हाला वाचवायला ते खोटं बोलले, हा आणखी एक भार. पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे राहिला ना, की आपल्या माणसामुळे आपलं माणूस असं गोत्यात येत नाही. मी तेवढ्यासाठीच सांगत होते."

"हे त्या दिवशी असंच सांगायचं होतंस," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "धोरण-बिरण कशाला सांगत बसलीस?"

दोघी मिळून बहिरट साहेबांकडे गेल्या. ताईंनी उभ्या उभ्या सगळे सांगितले. एक शब्द लपवला नाही, एक शब्द वाढवला नाही. साहेबांनी तिथूनच प्रल्हादला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि एका संदेशात ताईंनी त्याचा पासवर्ड भरल्याचे त्याला सांगितले.

"साहेब, ताई खोटं बोलतायत," पलीकडून प्रल्हाद म्हणाला. "मला वाचवायला बघतायत. मीच भरला होता तो."

"गप्प बस!" ताई फोनवर ओरडल्या. "काय भरलं होतंस सांग बघू. तुला तो संदेश कसला होता हे तरी माहितीय का?"

प्रल्हादला खरोखरच काही माहीत नव्हते.

बहिरट साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या पुढ्यात आजवर अनेक चौकशा आल्या होत्या. त्या सगळ्यांत माणसे एकमेकांकडे बोट दाखवायची. दोघेही स्वतःकडेच बोट दाखवतायत, अशी ही पहिलीच. ते कडक होते, पण दगड नव्हते. ते म्हणाले, "शालनताई, चूक मोठी आहे. पण तुम्हाला इथं येऊन सांगायची सक्ती कुणी केली नव्हती. तेही मी माझ्या अहवालात लिहीन."

तबस्सुमने संगणकाच्या नोंदी पाहिल्या. गुण बदलणारा कुठूनतरी दूरवरून आत शिरला होता. त्याचा तपास पोलिसांकडे गेला. सुदैवाने सगळ्या गुणांची जुनी प्रत संगणक केंद्राने वेगळी जपून ठेवली होती. ती आणून एकेक आकडा जागेवर बसवण्यात आला. मुलांचे निकाल उशिरा लागले, पण खरे लागले. ताईंना आणि प्रल्हादला लेखी समज मिळाली. पेन्शन वाचली. कुजबुजणारी तोंडे प्रल्हादला आता नको इतक्या आदराने चहा विचारू लागली. आणि त्याच दुपारी बहिरट साहेबांनी दार लावून घेऊन स्वतःचा पासवर्ड बदलला, जो तोवर निम्म्या कचेरीला पाठ होता.

विभागातल्या सगळ्यांनीच पासवर्ड बदलले. आता रजेवर जाणारा माणूस संगणक केंद्राला कळवायचा. तबस्सुम कधी ह्याला, कधी त्याला ज्याच्या त्याच्या नावावर परवानगी द्यायची. काम सुरळीत चालले. पण शालनताईंच्या टेबलापाशी वाकायला कुणी येईना. त्यांना चुकल्याचुकल्यासारखे वाटायचे. खोटे कशाला बोला, त्यांना फार वाईट वाटायचे. आता माझा इथे उपयोग काय, असे त्या मनातल्या मनात विचारायच्या. ज्या चुकीने त्या शहाण्या झाल्या होत्या, त्याच चुकीने त्या एकट्याही पडल्या होत्या.

असे दिवस जात असताना सुवर्णाचे टाके चिघळले. तिला पुन्हा दवाखान्यात ठेवले. नेमक्या त्याच वेळी पुढच्या निकालाची शेवटची तपासणी आली. आता नियम असा झाला होता की गुण ज्याने नोंदवले, त्यानेच शेवटी पाहून ते पक्के करायचे. ते दुसऱ्या कुणाला सोपवता येत नव्हते. सकाळीच ताईंचा फोन वाजला.

"ताई, तिचा ताप उतरत नाही. तिला एकटं सोडून कसा येऊ?" प्रल्हादचा आवाज थकलेला होता. "नुसतं बघून पक्कं करायचं आहे. तुमच्याशिवाय कुणाला सांगू? माझा नवा पासवर्ड..."

"थांब!" ताई म्हणाल्या. "पुढचं एक अक्षर बोलू नकोस."

नाही म्हणणे ताईंना जड गेले. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी कशाला नाही म्हटले नव्हते. पण पूर्वी त्याचे खाते वाचवायला त्या जशा धावल्या होत्या, तशाच आताही धावत होत्या. फक्त दिशा वेगळी होती.

"मी येते," त्या म्हणाल्या. "कुठल्या खोलीत आहेस तेवढं सांग."

त्यांनी रजेचा अर्ज टाकला. मुगाच्या डाळीची पातळ खिचडी डब्यात भरली आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. प्रल्हाद खोलीच्या दारात उभा होता.

"ताई, अर्ध्या तासाचं तर काम होतं. तुम्ही केलं असतं तरी..."

"अर्ध्या तासाचं आहे ना? मग जा आणि करून ये. तुझ्या हातानं, तुझ्या नावानं. हिच्याजवळ मी बसते."

तो जरा घुटमळला. मग त्याने ताईंच्या हातात औषधांची पिशवी दिली, कुठली गोळी कधी द्यायची ते सांगितले आणि निघाला. जाताना त्याने मागे वळून पाहिले. ताई खुर्ची ओढून सुवर्णाच्या उशाशी बसल्या होत्या.

थोड्या वेळाने सुवर्णाने डोळे उघडले. "हे कुठं गेले?"

"कामावर. येईल इतक्यात. दोन घास खाऊन घे."

"आणि तुम्ही रजा काढून बसलात माझ्यासाठी?" सुवर्णाचे डोळे भरून आले. "त्यापेक्षा त्यांचं काम तिथल्या तिथं करून टाकलं असतं, तर तुमची रजा तरी वाचली असती. पूर्वी करत होता की."

"त्याचं काम आता त्याच्याशिवाय कुणाला करता येत नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी तिला चमच्याने खिचडी भरवली, तोंड पुसले. मग त्यांचे लक्ष तिच्या केसांकडे गेले. कित्येक दिवस कुणी हात न लावल्याने त्यांचा गुंता झाला होता. ताईंनी पर्समधून कंगवा काढला.

"असू द्या हो, ताई. तुम्ही कशाला..."

"पडून राहा गप्प," ताई म्हणाल्या. "याला काही पासवर्ड लागत नाही."

सुवर्णा हसली. आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असावी. ताई एकेक बट हातात धरून, दुखणार नाही अशा बेताने गुंता सोडवत राहिल्या. त्यांच्या मनातली ती विचारणा, आता माझा उपयोग काय, केव्हा थांबली ते त्यांना कळलेही नाही.

प्रल्हाद काम पक्के करून परतला तेव्हा सुवर्णाला शांत झोप लागली होती. उशीवर तिची नीट घातलेली वेणी होती. तो दारातच थांबला. त्याला काहीतरी बोलायचे होते, पण ताईंनी ओठांवर बोट ठेवले आणि त्याला जवळची खुर्ची दाखवली.

तात्पर्य: आपल्या माणसाच्या अडचणीला जरूर धावून जावे, पण त्याच्या नावाची किल्ली हाती घेऊ नये; विश्वास वाटून घेता येतो, जबाबदारी ज्याची त्यालाच जपावी लागते.